नाशिकमधील फौजदारी वकिली सेवा: आरोपीच्या कुटुंबाने केलेले परीक्षण

नाशिकच्या जिल्हा व सत्र न्यायालयात फौजदारी प्रकरणे चालवणाऱ्या एका महिला वकिलांची सेवा आमच्या कुटुंबाने घेतली. अटकपूर्व जामिनापासून दोषारोप निश्चित होईपर्यंतच्या त्या सेवेचे हे परीक्षण आहे. खटला अजून चालू असल्यामुळे निकालावरून वकिलांना गुण देण्याचा प्रश्न येत नाही, आणि माझ्या मते तो खटला संपल्यावरही येऊ नये. वकिलांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या (बार कौन्सिल ऑफ इंडिया) नियमांनुसार वकिलांना व्यवसायाची जाहिरात करता येत नाही. संकेतस्थळावर नाव, पत्ता, दूरध्वनी, सनद क्रमांक, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र अशी ठरावीकच माहिती देण्याची मुभा २००८ पासून आहे. अशिलाच्या घरच्यांनी लिहिलेली प्रशंसा म्हणजे त्या नियमाला शोधलेली पळवाट ठरू नये, अशी माझी इच्छा आहे. नाव कळण्यापेक्षा वकील कसा पारखावा हे कळणे वाचकाला अधिक उपयोगाचे आहे, म्हणून तपशील मात्र हात न आखडता देत आहे.

प्रकरण असे. पाथर्डी फाट्याजवळील आमच्या सोसायटीत वाहन लावण्यावरून भांडण झाले, त्यात शेजाऱ्यांच्या मनगटाचे हाड मोडले, आणि माझ्या धाकट्या भावावर व सत्तरी ओलांडलेल्या वडिलांवर गुन्हा दाखल झाला. मूळ फिर्यादीत हाताबुक्क्यांनी मारहाण आणि ढकलून देणे एवढेच होते. हाड मोडणे ही कायद्याने जबर दुखापत असल्यामुळे भारतीय न्याय संहितेचे कलम ११७ (२) लागले. त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण गुन्हा जामीनपात्र आहे. पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ (३) अन्वये हजर राहण्याची नोटीस दिली आणि दोघेही हजर राहिले. काही दिवसांनी जखमी शेजाऱ्यांचा पुरवणी जबाब झाला, त्यात लोखंडी गज आला, आणि कलम ११८ (२) वाढवण्यात आले. धोकादायक हत्याराने जबर दुखापत केल्याच्या या गुन्ह्याला किमान एक वर्ष आणि कमाल जन्मठेपेपर्यंत शिक्षा असून तो अजामीनपात्र आहे. वकिलाशिवाय निभावण्याची वेळ तिथे संपली.

अशा घडीला कुटुंबाकडे सर्वांत कमी असते ती उसंत, आणि नेमके त्याच घडीला सर्वांत महागडे निर्णय घ्यावे लागतात. नात्यागोत्यातून नावे येऊ लागतात. आम्ही आधी भेटलेल्या एका वकिलांनी प्रथम खबरीची (एफआयआर) प्रत हातात घेतली, पण पहिले पान उलटले नाही. जामीन शंभर टक्के होईल, आपली ओळख आहे, पूर्ण रक्कम आजच रोख द्या, असे त्यांचे म्हणणे पडले. ओळख कोणाशी, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. दुसऱ्या एका ठिकाणी ‘काम झाले तरच पैसे’ असा प्रस्ताव आला. ऐकताना तो अशिलाच्या फायद्याचा वाटतो, परंतु निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास विधिज्ञ परिषदेच्या नियमांनीच मनाई आहे. ज्याला आपल्या व्यवसायाचा हा साधा नियम पाळायचा नाही त्याच्या हाती घरातल्या माणसाचे स्वातंत्र्य सोपवावे असे मला वाटले नाही. निकालाची हमी देणारा वकील कितीही आत्मविश्वासाने बोलत असला, तरी जे त्याच्या हातात नाही तेच तो विकत असतो.

आमच्या वकील मॅडमचे कार्यालय सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) परिसरात, न्यायालयापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. जागा लहान आहे. बाहेरच्या बाकावर चार माणसे बसली की पाचव्याने जिन्यात उभे राहायचे. पहिल्या भेटीत त्यांनी आम्हाला फारसे बोलू दिले नाही, आधी कागद मागितले: प्रथम खबर, पोलिसांची नोटीस, कलम वाढवल्याचे कोठून कळले त्याचा तपशील. प्रथम खबर त्यांनी आमच्यासमोर दोनदा वाचली. पेन्सिलीने वेळा अधोरेखित केल्या, घटना किती वाजता, फिर्याद किती वाजता, दोहोंत किती अंतर, आणि जखमी व्यक्तीने रुग्णालयात डॉक्टरांना काय सांगितले असावे हे शोधायला हवे, असे त्या स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाल्या. त्यानंतर आम्हा सर्वांना बाहेर बसायला सांगून त्यांनी भावाशी एकट्याने बोलणे केले. माझ्या आईला हे खटकले. मॅडमनी तिला नम्रपणे समजावले की अशील आणि वकील यांच्यातील बोलण्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चे संरक्षण आहे, पण घरचे माणूस तिथे बसलेले असेल तर त्याला पुढे साक्षीला बोलावता येते. शिवाय आईसमोर मुलगा सगळे सांगत नाही. हे कारण आईला पटले.

माझ्या वडिलांबाबत आम्हाला अनेकांनी धीर दिला होता की साठ वर्षांवरील माणसाला वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक होत नाही. मॅडमनी कपाटातून नागरिक सुरक्षा संहिता काढून कलम ३५ (७) उघडले आणि ओळीवर बोट ठेवले: ते संरक्षण तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांपुरते आहे, आपल्या प्रकरणात त्याचा आधार घेता येणार नाही, म्हणून अर्ज दोघांसाठी करावा लागेल. खोट्या दिलाशाच्या जागी त्यांनी खरी अडचण दाखवली, आणि त्या क्षणी माझा या वकिलांवर विश्वास बसला. जामिनाबद्दल थेट विचारल्यावर त्या म्हणाल्या, “मिळेलच असे मी सांगणार नाही. कागदांत आपल्या बाजूचे काय आहे आणि विरुद्ध काय आहे, एवढे सांगते.” विरुद्ध बाजूची यादी त्यांनी आधी सांगितली.

त्याच संध्याकाळी दोन कामे झाली, ज्यांचे मोल आम्हाला पुढे कळले. एक, सोसायटीच्या कॅमेऱ्यातील चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते हे लक्षात घेऊन ते जपून ठेवण्यासाठी सोसायटीच्या अध्यक्षांना आणि तपासी अंमलदारांना लेखी अर्ज दिले गेले आणि दोन्हींवर पोच घेतली गेली. चित्रीकरण पुराव्यात वाचायचे असेल तर त्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र आणि त्यात त्या फाइलचे हॅश मूल्य (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे दाखवणारा तिचा अंकीय ठसा) लागते, मोबाइलवर कोणी पाठवलेली चित्रफीत पुरेशी नसते, हेही तेव्हाच सांगितले गेले. दोन, आम्हा सर्वांना ताकीद मिळाली की फिर्यादीच्या घरी कोणी जायचे नाही, मध्यस्थ पाठवायचा नाही, सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक अक्षर लिहायचे नाही. समेटाच्या चांगल्या हेतूने उच्चारलेले वाक्यही साक्षीदारावर दबाव म्हणून न्यायालयासमोर येऊ शकते आणि मिळालेला जामीन त्यावर रद्द होऊ शकतो. माझे काका त्याच रात्री बोलणी करायला निघाले होते. त्यांना थांबवता आले ते या ताकिदीमुळे.

अटकपूर्व जामिनाचा अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात दाखल झाला. आधी अंतरिम संरक्षण मिळाले, मग सरकारी वकिलांना आणि तपासी अंमलदारांना म्हणणे मांडण्यासाठी तारीख पडली. सुनावणी चित्रपटांत दिसते तशी मुळीच नव्हती. मॅडम थोडा वेळ, शांतपणे आणि आवाज न चढवता बोलल्या. घटनेच्या दिवशीच्या फिर्यादीत गजाचा उल्लेख नाही. रुग्णालयाच्या कागदावर खुद्द जखमीने सांगितलेल्या हकिगतीतही तो नाही. तो प्रथम येतो पुरवणी जबाबात. दोन्ही अर्जदार नोटिशीप्रमाणे हजर राहिले आहेत, त्यांचा पत्ता कायमचा आहे, आणि चित्रीकरण जपण्याची मागणी त्यांनीच केली आहे. सरकारी वकिलांनी हत्यार जप्त करायचे असल्याने ताबा हवा असे सांगितले. न्यायालयाने अटींसह जामीन मंजूर केला: ठरलेल्या दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी, तपासाला सहकार्य, साक्षीदारांशी संपर्क नाही, आणि प्रत्येकी २५,००० रुपयांचा जातमुचलका व तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. अटकपूर्व जामिनाला सर्वसाधारणपणे कालमर्यादा घातली जाऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सुशीला अग्रवाल प्रकरणात ठरवले असल्यामुळे दोषारोपपत्र आले की पुन्हा पहिल्यापासून धावपळ, ही भीतीही मॅडमनी दूर केली.

हजेरीच्या दिवसांत त्यांचे ज्युनियर वकील भावासोबत जात. अटक झालेल्या व्यक्तीला चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क याच संहितेच्या कलम ३८ ने दिलेला आहे, मात्र वकिलाला संपूर्ण चौकशीभर शेजारी बसता येत नाही, हा बारकावा आम्हाला आधीच सांगितलेला होता. त्यामुळे ठाण्यात कोणाशी हुज्जत घालण्याचा प्रसंग आला नाही.

फीबद्दल मी स्पष्ट लिहिते, कारण या विषयावर लोक कुजबुजतात आणि त्या कुजबुजीचाच गैरफायदा घेतला जातो. मॅडमनी काम टप्प्यांत विभागून एका कागदावर लिहून दिले: अटकपूर्व जामीन दोघांचा मिळून ४०,००० रुपये, दोषारोपपत्र आल्यापासून आरोप निश्चितीपर्यंत वेगळी रक्कम, साक्षीपुरावा सुरू झाल्यावर तिसरी, उच्च न्यायालयात जावे लागले तर नाशिककरांना मुंबईच्या मुख्य पीठाकडे जावे लागते, त्याचा खर्च निराळा. पैसे बँकेतून घेतले आणि पावती दिली. हे सारे कागदावर असणे फार महत्त्वाचे आहे, कारण १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही असा निर्णय दिल्यापासून सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाचा दरवाजा अशिलाला बंद आहे. वकिलाच्या गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र व गोवा विधिज्ञ परिषदेकडे करता येते, पण फीच्या हिशेबाचा वाद तिथे नेणे म्हणजे लांबचा रस्ता. जाता जाता आणखी एक: फी थकली म्हणून वकिलाला अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केले आहे. वकील बदलण्याची वेळ आलेल्या कुटुंबांना हे माहीत असावे.

आता उणिवा. मॅडम दिवसा फोन उचलत नाहीत, आणि संध्याकाळी उचलतीलच असे नाही. न्यायालयात उभ्या असलेल्या वकिलाने फोन घेऊ नये हे मला मान्य आहे, परंतु तारखेला नेमके काय झाले हे अशिलाला त्या दिवशीच कळायला हवे. ते आम्हाला बहुतेक वेळा ई-कोर्ट्सच्या ॲपवरून कळले. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक असतो, तो टाकला की पुढची तारीख आणि तारीख कशासाठी आहे ते दिसते. हा क्रमांक वकिलाकडून पहिल्याच आठवड्यात मागून घ्यावा. साध्या तारखांना ज्युनियर उभे राहिले यात माझी तक्रार नाही, पण एका महत्त्वाच्या तारखेला मॅडम मुंबईत असल्याचे आम्हाला न्यायालयाच्या आवारात पोहोचल्यावर कळले, आणि वडिलांना त्या उन्हात विनाकारण यावे लागले. कार्यालयातील कारकून नकलांचे आणि झेरॉक्सचे पैसे वेगळे मागत. रक्कम मोठी नव्हती, पण ती फीच्या कागदावर नव्हती. मी विचारल्यावर मॅडमनी पुढे हिशेब लिहून ठेवायला लावले.

याहून गंभीर तक्रार भाषेची आहे. जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असताना आमचे सर्व अर्ज इंग्रजीत टंकलिखित झाले. ज्या वडिलांच्या वतीने अर्ज केला त्यांना त्यातले एक वाक्य वाचता आले नाही, आणि तरीही प्रतिज्ञापत्रावर सही त्यांचीच होती. मागितल्यावर ज्युनियरने बसून मराठीत समजावून सांगितले, नीट सांगितले. परंतु हे मागावे लागू नये. निवाडे इंग्रजीत असतात, उद्या उच्च न्यायालयात कागद न्यावे लागले तर सोयीचे जाते, ही कारणे मला पुरेशी वाटत नाहीत. आरोपीला स्वतःचा बचाव स्वतःच्या भाषेत वाचता आला पाहिजे.

दोषारोपपत्र दाखल झाल्यावर त्याची संपूर्ण प्रत आरोपींना विनामूल्य मिळाली. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० प्रमाणे तो आरोपीचा हक्क आहे. या टप्प्यावर मॅडमनी जे काम केले त्याला मी सर्वांत जास्त महत्त्व देते. त्यांनी प्रत्येक साक्षीदाराच्या जबाबासमोर भावाने काय केले आणि वडिलांनी काय केले असे दोन रकाने आखले. वडिलांचा रकाना जवळजवळ रिकामा राहिला: ‘सोबत होते’ यापलीकडे एकाही साक्षीदाराने त्यांची कृती सांगितलेली नव्हती, आणि चित्रीकरणात ते भांडण संपल्यावर जिना उतरताना दिसत होते. भावाच्या बाबतीत गज जप्त झालेला नव्हता, तरीही तो पाहिल्याचे दोन जबाब होते. त्यावर त्यांचे मत असे होते की वडिलांसाठी दोषमुक्तीचा (खटला चालण्याआधीच आरोपातून वगळण्याचा) अर्ज करावा, त्यात बळ आहे. भावासाठी कलम ११८ (२) वगळावे असा युक्तिवाद करू, पण या पायरीवर न्यायालय जबाब खरे की खोटे हे तपासत नाही, ते कागद जसे आहेत तसे धरून चालते, म्हणून त्यात यश येण्याची शक्यता कमी आहे. त्याच संहितेच्या कलम २६२ नुसार असा अर्ज प्रती मिळाल्यापासून साठ दिवसांत करायचा असतो. तो मुदतीत झाला.

निर्णय त्यांनी सांगितल्याप्रमाणेच आला. वडील दोषमुक्त झाले. भावावर कलम ११८ (२) सह आरोप निश्चित झाले. घरात त्या दिवशी आनंद आणि दुःख एकत्र होते, आणि भावाने मला नंतर सांगितले की आधीच स्पष्ट कल्पना मिळाली नसती तर तो खचला असता. एखाद्या सेवेची पारख तिने दिलेल्या शब्दावरून करायची, तर इथे शब्द मोजूनमापून दिला गेला आणि तेवढाच पाळला गेला.

आमच्या परिचयातील काहींनी विचारले की हात मोडलेल्या माणसाच्या विरुद्ध उभे राहणाऱ्या वकिलाला काय म्हणावे. हा प्रश्न मला टाळायचा नाही. शेजाऱ्यांचे दुखणे खरे आहे आणि त्यांना न्याय मागण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्यांच्यासाठी सरकारी वकील उभे असतात. पण हात मोडला हे एक सत्य आणि तो गजाने मोडला हे दुसरे विधान, आणि या दोहोंमधले अंतर जन्मठेपेच्या शक्यतेइतके असते. ते अंतर न्यायालयाला कोणीतरी दाखवावे लागते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा हक्क दिला आहे, आणि अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असे वकील संघांनी केलेले ठराव बेकायदा आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले आहे.

ज्यांना एवढी फी परवडणार नाही त्यांनी कर्ज काढण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती उत्पन्नाची अट न लावता मोफत वकिलास पात्र असते. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या किती कामगारांना हे ठाऊक असेल, याची मला चिंता वाटते. आता या कामासाठी लोक अभिरक्षक कार्यालय आहे, तिथले वकील फौजदारी बचावाचेच काम करतात, आणि १५१०० या दूरध्वनी क्रमांकावर माहिती मिळते. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात कोणी असेल तर त्याच्या घरच्यांनी ही चौकशी आधी करावी.

आमच्या प्रकरणात आता साक्षीपुरावा सुरू होईल. तिसऱ्या टप्प्याची अर्धी फी भरली आहे. मुंबईच्या त्या तारखेचा अनुभव लक्षात ठेवून मी एक अट मांडली: फिर्यादी, डॉक्टर आणि तपासी अंमलदार या तिघांच्या उलटतपासणीला मॅडमनी स्वतः उभे राहायचे, आणि त्यांना येणे अशक्य असेल तर आदल्या दिवशी आम्हाला कळवायचे. त्यांनी ती मान्य केली, फीच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिली आणि खाली सही करून त्याची एक प्रत आमच्याकडे दिली.